पूजेवरची बंदूक

बीडच्या पोलीस कचेरीबाहेर छबुबाई सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या बाकावर पालीचे सुंदरराव पाटील आणि त्यांचा मेहुणा उत्तरेश्वर बोलत होते.

"दाजी, अमीनसाहेब काय म्हणले?"

"बंदूक चोरीला गेली ते मागनं बघू म्हणले. आदी सांगा, कुलपात कावून नव्हती?"

"मग सांगायचं की, खंडेनवमीला पूजली होती म्हणून."

"सांगितलं बाबा. पूजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेस्तोवर हलवत न्हाईत, वाडवडलांपासून चालत आलंय. दार उघडं, सारं गाव येऊन हळदकुंकू वाहून जातंय. कुलूप कशाला लावू?"

छबुबाईनं मान वर केली.

"त्येच्यावर काय म्हणले?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"म्हणले, परवाना देवाच्या नावचा हाय का तुमच्या?"

"आन् आता?"

"आता जिम्मेदारी माझी. परवाना तर जाईलच, कैदबी होईल म्हणतेत. लई थकलो रे. एका बंदुकीपायी किती खेपा घालायच्या?"

"सापडंल, दाजी."

"सापडू दे बाबा एकदाची. मी सुटलो."

मग सुंदररावांचं लक्ष तिच्याकडं गेलं.

"तुजं काय गेलं गं बाई चोरीला?"

"चोरीला काय न्हाई, मालक. कपिलधारच्या वाटेवर चोरांनी माझ्या धन्याला गोळी घातली. जबानी द्यायला आलेय."

"वळखलं का कुणाला?"

"तोंडं बांधलेली होती. बंदूक तेवढी दिसली. हळदकुंकू होतं तिला."