अर्ध्या पाण्याचं बटण

“पाणी कसं ओतावं, पोरी? झोपल्या बाळावर पांघरूण घालावं, तसं.” आईला जाऊन कैक वर्षं झाली, तरी शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या कानात हा आवाज अजून ओला होता. मांडीवर शाळेच्या शर्टांचा ढीग, दातांत दोरा, आणि फोन वाजला. लेकीचा. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन अडकवून ती बटण लावत राहिली.

“हॅलो?… हो, हो, मीच. दुसरं कोण उचलणार?… लागलं का नवं घर मार्गी?… बरं… अगं ऐक ना, येईन म्हटलं ना. कधी ते नको विचारू.

“कारण? कारण तुझा तो नवा संडास… हसतेस काय? जावईबापू कौतुकानं सांगत होते, तीन लिटरात भागतं म्हणे. तेवढ्यात माझे पायसुद्धा धुऊन होत नाहीत गं… दोन बटणं?… छोट्या कामाला छोटं, मोठ्याला मोठं… आणि घाईत चुकीचं दाबलं तर?… परत दाबायचं. मग वाचलं कुठं तुमचं पाणी?… हो बाई, तूच शहाणी.”

तिनं दातांनी दोरा तोडला, नवं बटण उचललं.

“काय? टाकीच्या झाकणावरच बेसिन?… म्हणजे हात धुतलेलं पाणी खाली टाकीत उतरतं, आणि पुढच्या वेळी तेच… अगं, हे बरं आहे की. थेंब न् थेंब जपणारी तुझी आजी असती तर त्या प्लंबरला तिनं पोटाशी धरलं असतं… नाही, नाही, मला पटलेलं नाही. नुसतं बरं म्हटलं.

“आणि माझे गुडघे? तुमची ती कमोडची भांडी ठेंगणी. बसले तर उठवायला जावईबापूंना हाक मारू का?… उंच आहे?… खुर्चीएवढं. बरं… भिंतीत दांडी? धरून उठायला?… पाऊल टाकलं की आपोआप दिवा… दारही रुंद… हो… हो…”

सुई शर्टात तशीच राहिली.

“थांब जरा. तू अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढतेस. जावईबापू रोज पळायला जातात. मग ही दांडी कुणासाठी गं?… बोल ना…

“…माझ्यासाठी. पाया खणला तेव्हापासून?… आणि मला मेलीला सांगितलं का नाहीस?… नाही म्हणेन म्हणून?… हो, म्हटलंच असतं.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं फोन खांद्यावरून काढला, हातात घेऊन नीट कानाशी धरला.

“ऐक. संडासाचं मी उगाच काढलं होतं… गुडघ्यांचंही. दुखतात, पण एवढे नाहीत… अगं, मध्ये बोलू नकोस, मला परत बोलता यायचं नाही. तुझ्याकडे यायला माझी कधी ना नव्हतीच. पण चार दिवस तुमच्यात हसायचं, मग इथे येऊन कुलूप काढायचं, आणि आतून ‘आलीस?’ म्हणणारं कुणी नाही… ते मला सोसत नाही. म्हणून येत नव्हते… मला परत पाठवणार नसशील, तर येते.

“रडू नको गं… खिडकीपाशी?… तिथे उजेड चांगला येतो ना?… मग ठेव आता फोन. शिलाई मशीन गुंडाळायला एखादी जाड चादर शोधायचीय मला.”