पाहुण्यांचा वाफा

(मलावी देशातल्या एका परदेशी मदतसंस्थेची पांढरी गाडी राजधानी लिलोंग्वेतल्या कचेरीतून निघून डेड्झाच्या डोंगराकडे चालली आहे. गाडी लामेक चालवतोय. शेजारी तामांडा बसलीय. कापिरी गावातल्या बायकांना केशरी रताळी लावायला शिकवायचं काम संस्थेतर्फे तीच बघते.)

लामेक: पुन्हा म्हण. या वेळी जरा सावकाश.

तामांडा: "या जिल्ह्यातलं काम आता शाश्वत हस्तांतरणाच्या टप्प्यात आलं आहे."

लामेक: कापिरीतल्या नाचिसाले आजीला हे ऐकवणार? ती विचारेल, कोण गेलं?

तामांडा: मग कसं सांगू, लामेकदादा? कचेरीत हेच वाक्य ठरलंय. संचालकबाईंनी माझ्याकडून घोकून घेतलं.

लामेक: सरळ सांग. संस्था इथलं काम आवरतेय, आता दक्षिणेकडच्या पुराच्या गावांत जाणार.

तामांडा: आणि आजी म्हणाली, आमचं काय चुकलं, तर?

लामेक: तर म्हण, काही चुकलं नाही, म्हणूनच चाललो.

तामांडा: बोलायला सोपं आहे. संस्था निघून गेली की गावात काय उरतं, ते पाहिलंय मी. एक गंजलेली पाटी आणि कुलूप लावलेली खोली. या बायका उभ्या राहिल्यात त्या आपल्या आधारावर. सगळं कोलमडलं तर मी कुठल्या तोंडानं झोपू?

लामेक: लोक डोळ्यांनी झोपतात, मॅडम. बरं, तुझं काय ठरलं? जाणार दक्षिणेला?

तामांडा: मंगळवारपर्यंत उत्तर मागितलंय. नवरा म्हणतो, गॅरेज तिकडेही टाकता येईल, गाड्या सगळीकडेच बिघडतात. पण लेकीची, यांखोची शाळा, तिथलं ऊन, डास. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अनोळखी बायका, सगळ्यांच्या नजरेत संशय.

लामेक: कापिरीत काय आरती ओवाळली होती? पहिल्या दिवशी तुला बसायला फुटकं उखळ दिलं होतं. मी गाडीतून बघत होतो.

तामांडा: आणि हसत होता.

लामेक: थोडासा. चल, गाव आलं. अरे, आजीनं तर सगळ्यांना आंब्याखाली गोळा केलंय. ठेवणीतलं कापड गुंडाळलंय कमरेला.

तामांडा: म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलं.

लामेक: माझ्याकडे बघू नकोस. उतर आता.

नाचिसाले: ये गं यांखोच्या आई, सावलीत ये. लामेक, तूही ये, गाडीला काय पाय फुटत नाहीत. थोब्वा घ्या दोघं, मक्याचं पीठ कालच आंबवलं होतं. गोड झालंय.

तामांडा: आजी, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.

नाचिसाले: आम्हालाही तुझ्याशी बोलायचंय. तू आधी बोल, पाहुणी आहेस.

तामांडा: तुम्ही आधी. तुम्ही मोठ्या.

लामेक: मी आपला तिसरा पेला घेतो. संध्याकाळपर्यंत कुणीतरी बोलेलच.

नाचिसाले: बरं, मीच बोलते. या सगळ्या माझ्या पाठीमागे लपून बसल्यात, म्हणतात आजी, तूच सांग. पोरी, मन घट्ट कर. राग मानू नकोस. तुझ्या गुरुवारच्या सभा आम्हाला बंद करायच्यात.

तामांडा: काय?

नाचिसाले: गुरुवारी हद्दीवरचा बाजार असतो गं. पलीकडून मोझांबिकवाले येतात, रताळी पोत्यानं उचलतात, वर बेण्यासाठी वेलही मागतात. आणि आम्ही इथे तुझ्यासमोर हातावर हात ठेवून बसतो. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकतो, सभेला कोणी बसायचं आणि बाजाराला कोणी जायचं. चिठ्ठी निघते ती रडते.

तामांडा: सभेची चिठ्ठी निघाली की?

नाचिसाले: आता काय सांगू. हो.

तामांडा: मग मला कधी बोलला का नाहीत? वार बदलला असता.

नाचिसाले: तू एवढ्या लांबून यायचीस, तान्ही पोर पाठीला बांधून. आणि आम्ही म्हटलं, सभा बंद केली तर कचेरीतले तुलाच घरी बसवतील. पोरीची भाकरी का मोडा? म्हणून बसत राहिलो.

लामेक: तामांडा, आता तू सांग. हीच वेळ आहे.

तामांडा: आजी, कचेरीचं काम इथून उठतंय. यापुढे गाडी येणार नाही. संस्था पुराच्या गावांकडे चाललीय. हे तुम्हाला कसं सांगू म्हणून मला तीन रात्री झोप नाही.

नाचिसाले: खरंच चाललात?

तामांडा: खरंच.

नाचिसाले: मग तुला कुणी घरी बसवणार नाही?

तामांडा: नाही. उलट दक्षिणेत ये म्हणतायत.

नाचिसाले: अगं, मग आधी का नाही बोललीस? ऐकलंत का गं बायांनो, पोरीची नोकरी शाबूत आहे. आता तो वाफा नांगरून टाका.

तामांडा: कुठला वाफा?

नाचिसाले: तो वरच्या अंगाचा. किडका.

तामांडा: ज्याच्यावर मी तीन हंगाम डोकं फोडलं तो? किती उपाय सांगितले मी. राख टाका, माती चढवा, वेल बदला.

नाचिसाले: आम्ही मुद्दामच काही केलं नाही. त्याला आम्ही पाहुण्यांचा वाफा म्हणतो. तुमच्या कचेरीतून मोठी माणसं येतात, सगळं हिरवंगार दिसलं की त्यांची तोंडं उतरतात. काय बोलावं ते सुचत नाही बिचाऱ्यांना. एक वाफा खराब दिसला की कशी खुलतात. वाकून बघतात, पानं उलटतात, सल्ला देतात, समाधानानं जेवतात.

लामेक: मागच्या वेळी ते डॅनिश साहेब तासभर त्याच वाफ्यात होते. पँट मळवून घेतली.

तामांडा: हसू नका, लामेकदादा. आजी, म्हणजे माझी इथे गरजच नव्हती?

नाचिसाले: असं कोण म्हणालं? पहिल्या वर्षी या रताळ्याला हात लावत नव्हतं कुणी. बायका म्हणायच्या, आत केशरी आहे, खाल्लं की कूस मिटते, गोऱ्यांचा डाव आहे. तू झाडाला चित्रं लावलीस, सुदृढ बाळाची. शेळीनं खाल्ली ती.

तामांडा: आठवतंय.

नाचिसाले: मग एक दिवस तू आलीस, पोट हे एवढं. आणि याच आंब्याखाली बसून उकडलेली रताळी खाल्लीस. संपली, तर परत मागून घेतलीस. त्या दिवशी माझ्या सुनेनं वेल नेऊन घरी रताळी लावली. मग सगळ्यांनी लावली. यांखो जन्मली तेव्हा हे अख्खं गाव बघायला आलं होतं तुझ्याकडे, ते काय तुझ्या नवऱ्याचं तोंड बघायला?

तामांडा: आजी, खरं सांगू? त्या दिवशी मला तुम्हाला काही पटवायचं नव्हतं. मला नुसती भूक लागली होती. सकाळपासून गाडीत उलट्या करत आले होते.

लामेक: मी साक्षीला आहे. मागची सीट मीच धुतली.

नाचिसाले: ठाऊक आहे गं. म्हणून तर पटलं. पटवायला खाणारा दोन घास खातो आणि तोंड पुसतो.

तामांडा: आता मात्र माझी पंचाईत आहे. निरोपाचा कार्यक्रम ठरलाय, संचालकबाई येणार, सोबत त्यांच्या देशाचे राजदूत येणार. आणि वार ठरलाय गुरुवार.

नाचिसाले: मग गुरुवारी त्यांचं स्वागत आंब्याचं झाड करेल. आम्ही बाजारात.

तामांडा: राजदूत आहेत, आजी. मी कचेरीला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही.

नाचिसाले: आम्हीही तुला कधी नाही म्हटलं नाही. किती गुरुवार गेले बघ त्यात. बुधवारी या म्हणावं. कोंबड्या कापू, नाचू, बाई म्हणतील तेवढी भाषणं ऐकू.

तामांडा: आणि वाफा? नांगरताय ना?

नाचिसाले: आता बुधवारपर्यंत राहू दे. राजदूत एवढ्या लांबून येणार, त्याला काहीतरी सांगायला नको?

लामेक: आजी, रताळ्यांचं पोतं बांधून झालं असेल तर गाडीत मागे टाकतो. अंधाराच्या आत घाट उतरायचाय.

नाचिसाले: त्यातली मोठी यांखोला. बारकी तुला. नीट जा गं.

तामांडा: येते, आजी.

लामेक: इथे वळणावर रेंज येते. बोलायचं असेल तर बोलून घे, नाहीतर घरी जाईपर्यंत तुझं धाडस थंड होईल.

तामांडा: हॅलो, मॅडम, तामांडा बोलतेय. हो, सांगितलं. नाही, रडलं कुणी नाही. मॅडम, कार्यक्रम गुरुवारी होणार नाही. बुधवारी ठेवावा लागेल. हो, राजदूतांनाही. कारण त्या दिवशी बायकांचा बाजार असतो आणि आपण त्यांचे बरेच बाजार बुडवलेत. हो. थांबते.

लामेक: काय झालं?

तामांडा: डायरी बघतायत. हां, मॅडम. चालेल? बरं. आणि आणखी एक, मंगळवारची वाट नका बघू. मी दक्षिणेत जायला तयार आहे. हो, नक्की. ठेवते.

लामेक: ठरलं म्हणायचं.

तामांडा: ठरलं. तुम्ही कधी निघताय तिकडे? सामान एकत्रच नेऊ.

लामेक: मला कुठं विचारलंय कुणी. ड्रायव्हर काय, तिकडचाही मिळतो.

तामांडा: मी विचारतेय. याल का?

लामेक: ऊन फार आहे म्हणतात तिकडे.

तामांडा: फार आहे.

लामेक: मग एक चांगली टोपी बघायला हवी.