गोचीड, गुडघा आणि डोंगर

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे यजमान लंगडत, पण हसत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले.

“काय हो, म्हातारपणच ना?”

“छे! डोंगरावर कधीतरी गोचीड चावली, तिच्यातले जंतू गुडघ्यात शिरलेत. लाइम म्हणतात या आजाराला.”

“अगं बाई! मांडीवरचा तो लाल गोल चट्टा? मी गजकर्णाचं मलम चोळत बसले!”

“महिनाभर गोळ्या घेतल्या की सूज उतरेल म्हणाले. मग पुन्हा डोंगर!”

“चार दिवसांत बरं वाटलं की गोळ्या सोडाल. मी ओळखून आहे तुम्हाला.”

“डोंगरासाठी एकही चुकवणार नाही.”

“आणि पुन्हा चावली तर?”

“पायमोजे विजारीवर चढवून जाईन.”

“ते ठीक. पण परत आलात की नखशिखांत तपासणार मी तुम्हाला.”

“मग रोजच जातो!”