मीराताईचा खालचा सूर

आमच्या मीराताईचं मागच्या महिन्यात काय झालं, ते सांगतो. ताई कॉलेजपासून इंग्रजी सोल गाणी, म्हणजे जीव ओतून म्हणायची असतात तसली, गायची, पण घशाच्या ऑपरेशननंतर तिनं गाणं सोडलंच होतं. तिच्या ऑफिसातल्या बेळगावच्या नागेशनं कसंबसं तिला राजी केलं आणि बसवनगुडीच्या एका हॉलमध्ये दोघांचं ड्युएट ठरलं. वरचे सूर ताईचे, खालचे नागेशचे.

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात वर जाताना ताईचा आवाज फाटला आणि ती गप्पच झाली. गिटारवाला वाजवत राहिला. नागेशनं माइक बाजूला केला, तरी पहिल्या रांगेत मला ऐकू आलं.

"अक्का, तुम्ही खालचं गा. वरचं मी बघतो."

हा एवढा दांडगा माणूस बारीक आवाज काढून वर चढला आणि ताईनं खालून सूर धरला. तिचा असा भरदार आवाज आम्ही घरच्यांनीही कधी ऐकला नव्हता. गाणं संपलं तेव्हा सगळा हॉल उभा होता आणि लोक 'पुन्हा, पुन्हा' म्हणत होते.

नागेश घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अक्का, माझा घसा बसला. आता तुम्ही एकट्याच गा."

आणि ताईनं अख्खं गाणं एकटीनं म्हटलं.