साहेब भिंत पाहायला येणार

बुलढाण्याच्या ग्राहक आयोगाबाहेर रेणुका आपल्या उखडलेल्या फरश्यांची तक्रार घेऊन बसली होती. शेजारी धाडचे पंजाबराव आणि त्यांची बायको गोजरबाई. ठेकेदाराने बांधलेल्या त्यांच्या नव्या घराचा स्लॅब गळत होता. सुनावणीला वेळ होता, आणि फुकटचे ऐकायला रेणुकाला कधीच कंटाळा नव्हता. पंजाबराव बायकोला बजावत होते.

“ठेकेदार म्हनते, आपले फोटो खोटे. म्हनून आयोगाचा इंजिनिअर उद्या सोता पाहाले येऊन राह्यला. त्याले बैठकीतली ओल बराबर दाखवजो.”

“ओल कुठं हाय आता? म्या कालच रंग देल्ला.”

“काऊन वं?”

“अजी, एवढा मोठा साहेब घरी येनार, अन् भिंत काळीढुस? बरं दिसते का?”

“अवं, थेच तं दाखवाचं होतं! गेली ना केस!”

“काऊन जाईन? स्लॅब तं गळतेच ना अजून?”

“हाव, गळते.”

“मंग साहेबासमोर वर पानी सोडा.”

पंजाबराव खुदकन हसले.

“वकिलापेक्षा तूच बरी वं!”

“पन त्याचा चहा झाल्यावर सोडा. कपात गळलं तं?”

“कपातच गळू दे! साहेबाची खुर्ची गळते तथीच मांडजो.”