डोहाकाठचा देव

पंडित : चपला काढा वहिनी. ही आता नागाची जागा झाली.

कमलबाई : मन्ह्या वांग्याच्या वावरात मी चपला काढू? काटे तुम्ही वेचाल का भाऊ?

पुनम : काका, किती वेळा सांगायचं, तो नाग नाही, दिवड आहे. हा फोटो बघा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्यांखाली दोन काळ्या तिरप्या रेघा. बेडूक खातो, मासे खातो. विष नसतं त्याला.

पंडित : शिकली धुळ्याला जाऊन! देव कधी फोटोत येतो का? मी माझ्या डोळ्यांनी फणा पाहिलाय. इथं पूजेला आलेल्या भिकुबाईंनीही पाहिलाय, विचार त्यांना.

पुनम : डिवचलं की दिवड मान चपटी करतो, भीती घालायला. तुम्ही काठीनं डिवचलं असणार.

पंडित : मी काठीनं फक्त दर्शन मागत होतो.

कमलबाई : आन् दर्शन झालं बरोबर मन्ह्याच बांधावर! डोह केवढा मोठा शे. पल्याड तुमचा बी काठ शे. पण देव तिकडं नही गेला. देवाला बी विधवेचीच जागा गावली.

पंडित : जागा देव निवडतो, आपण नाही. आणि गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. नाग दिसला त्या जागेला लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, विळा नाही, नांगर नाही.

कमलबाई : मग देवासाठी इथं बांधला त्या तुमच्या ओट्याचा पाया काय चमच्यानं खोदला?

पंडित : ते देवाचं काम. देवाच्या कामाला चालतं.

पुनम : आमची रोपं तयार आहेत काका. ती कुठं लावायची, तुमच्या ओट्यावर?

पंडित : वहिनी, पोरीला आवरा. बाया दुधाच्या वाट्या घेऊन उभ्या आहेत, त्यांच्यासमोर हे शोभत नाही. आणि मी काय जमीन मागतोय? मंडपापुरती जागा, बायांना बसायला थोडी, गाड्या लावायला थोडी...

कमलबाई : आन् उरेल त्यात मी! भाऊ, तुमचा मोठा भाऊ गेला तवापासून तुमचा डोळा शे या तुकड्यावर. वाटणीत भेटला नही, आते देवाला पुढं केलं. माले राग येतो, लई राग येतो. या वांग्यांवर मन्ह्या पोरीचं कॉलेज चालतं, हे तुम्हाले माहीत नही का?

पंडित : देवाच्या दारात राग? ते बघा, तिकडं! दगडाच्या कपारीत, पाण्यालगत. निघाले महाराज! हात जोडा सगळ्यांनी!

पुनम : आई, मागं सर.

कमलबाई : हात कसाले जोडता भाऊ? उचला. गळ्यात घाला. देव काय आपल्या भक्ताला चावतो?

पंडित : आज... आज माझं सोवळं नाही.

कमलबाई : मन्हं बी नही.

(कमलबाई कपारीत हात घालते. पाण्यात खळबळ. बायांचा गलका.)

पुनम : आई! अगं काय केलंस हे! रक्त येतंय!

कमलबाई : चावला. बायांनो, ऐका बठ्ठ्या जणी! पंडितभाऊंचा नाग माले चावला. मी मेले तं पोलिसांना इतकंच सांगा, ओटा यांनी बांधला, दूध यांनी पाजलं.

पंडित : अहो, पोलीस कशाला मध्ये आणता? काही होत नाही वहिनी. दिवड आहे तो!

पुनम : काय म्हणालात?

पंडित : दिवड, दिवड! लहानपणी आम्ही दोघं भाऊ याच डोहात शेपटी धरून पकडायचो. कितीदा चावलाय मला. हळद लावा आणि गप्प बसा.

कमलबाई : ऐकलं ना बायांनो? दूध घरी न्या. चहा करा त्याचा.

पुनम : आई, तुला खात्री होती ना? म्हणूनच हात घातलास ना?

कमलबाई : माले कसली खात्री? तू म्हणे दिवड, हे म्हणत नाग. माहीत फक्त यांना होतं.

पंडित : वहिनी... म्हणजे तुम्ही खरंच... अहो, नाग असता तर?

कमलबाई : तं तुमच्या मंडपाला जागा झाली असती.

पुनम : काका, बघत काय उभे राहिलात? मोटरसायकल काढा. आता कपारीत होता तो फोटोतलाच की दुसरा, मी नीट पाहिलेलं नाही. धुळ्याला न्यायचं, दवाखान्यात.

पंडित : अगं, दिवडच होता! मी सांगतोय ना! माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?

कमलबाई : गाडी काढा भाऊ. तुमच्या शब्दावर मी बांध सोडला नही, जीव कसाले सोडू?