घरगुती कारणास्तव

मी मूळचा पाटोद्याकडचा. आमचं घर विहाराच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या, आन् वडील तहसीलीबाहेर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. शिकलेले सातवी, पन अर्ज असा लिहायचे की सायबाला परत पाठवायला जागाच राहायची न्हाई. मला शेजारी बसवायचे आन् म्हनायचे, शब्द असा ठेव बाबा की कुनाला हलवता येऊ नये. त्याच नादात मी कायदा शिकलो. लोक इचारतात वकिली कावून केली न्हाई, तर कोर्टात उभं राहायला आपली छाती न्हाई ताई, आपन कागदावरचे मानूस. शिकवायला मातर लई आवडतं, आजबी आवडतं.

कॉलेजचं नाव इचारू नका. जिल्ह्यातलंच हाय, विद्यापीठाशी जोडलेलं लॉ कॉलेज. चौदा वर्सं झाले मी तिथं करार शिकवतो, कामगार कायदा शिकवतो, आन् स्वतः एकेका सालाच्या करारावर. काय सांगू तुमाला, मी फळ्यावर सलग सेवा म्हंजे काय ते लिहीत आसतो आन् मागच्या बाकावरून एखादं पोरगं हळूच दुसऱ्याला म्हनतं, सरची किती झाली बे. मला ऐकू येतं, मी मागं वळत न्हाई. दरसाल मुलाखत, दरसाल नवा हुकूम, आन् मे महिन्यात चार दिवसाचा खंड. म्हंजे चार दिवस कागदावर आपन नोकर नसतो, पन परीक्षेच्या हॉलमंदी उभेच आसतो, कारन पोरांचे पेपर काय खंड बघून येत न्हाईत. लग्नाच्या वक्ताला सासरे चौसाळ्याहून आलते, त्यांनी एकच गोष्ट इचारली, पर्मनंट हाय का. मी म्हनलं, ह्या जुलैत होतंय. बायको अजून कदी कदी इचारते, तो जुलै कंचा व्हता हो. हसत इचारते, पन मला हसू येत न्हाई.

आता ज्याच्यासाठी तुमाला बसवून घेतलं ते सांगतो. पाचव्या वर्षाची गोष्ट. दुसरीकडं कुठं तरी कंत्राटी मास्तर कोर्टात गेलते आन् कायम होऊन आलते, तर आमची संस्था घाबरली. प्राचार्यांनी मला केबिनमंदी बोलावलं, खुर्चीवर बसा म्हनले, पाच वर्सांत पहिल्यांदा बसा म्हनले, चहा मागवला. म्हनले, सर, करार तुमी शिकवता, तुमच्यासारखा मसुदा कोन करील, असं कायतरी करा की पुढं कोनी उलटून पडलं न्हाई पायजे, मग तुमचंबी बघू. आन् मी फुगलो ताई. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. संस्थेनं एक हमीपत्र तयार ठेवलं व्हतं, मास्तराकडनं, मी कायमपना मागनार न्हाई, असं लिहून घ्यायचं. मी म्हनलं, सर, हे कोर्टात टिकत न्हाई, हक्क असा सोडता येत न्हाई, त्यापरीस खंड मास्तरानंच मागितला पायजे. दरसाल मे महिन्यात ज्यानं त्यानं स्वतःच्या अक्षरात अर्ज द्यायचा, घरगुती कारणास्तव मला चार दिवस सेवेतून मुक्त करावे, ही माझी स्वेच्छेने केलेली विनंती आहे. टाईप करायचा न्हाई, हातानं लिहायचा. हे हातानं लिहायचं माझंच डोकं. प्राचार्य माझ्याकडं बघतच राहिले, मग पाठीवर थाप मारली. पहिला अर्ज मीच लिहून दिला. नमुना ऑफिसात टांगला, आन् तवापासून आमी सगळे दरसाल तोच उतरवून देतो. कुनाला माहीत न्हाई तो कुनी केला ते. माहीत ते फकस्त प्राचार्यांना आन् मला.

संगीता मॅडम आमच्यात नंतर आल्या. माजलगावहून रोज एसटीनं यायच्या, कौटुंबिक कायदा शिकवायच्या. नवरा वारलेला, एक पोरगी. सात वर्सं शिकवलं, पोरींना तर त्यांच्याबिगर करमायचं न्हाई, आन् एका जुलैला यादीत त्यांचं नावच न्हाई. संस्थेतल्या कुनाची तरी सून लागली. बाई रडली न्हाई, कोर्टात गेली. मी मदतीला. जुने निकाल मी काढून दिले, मुद्दे मी लिहून दिले, सुट्टी टाकून संगं गेलो. मला मनातून वाटायचं, तो अर्जाचा मुद्दा निघनार न्हाई, कुनाच्या ध्यानात येनार न्हाई. बघा, कायदा शिकवनाऱ्या मानसानं असं मनात धरावं.

निघाला. संस्थेच्या वकिलानं पहिल्याच झटक्याला सात अर्ज ठेवले, सातबी मॅडमच्या अक्षरात. जज साहेब भले व्हते, त्यांनी इचारलं, बाई, हे अक्षर तुमचं हाय का. हो साहेब. कुनी जबरदस्ती केली का. न्हाई साहेब, ऑफिसात नमुना व्हता, सगळे लिहायचे तसा मीबी लिहिला. झालं. खंड तुमीच मागितला, मग सलग सेवा कशी धरायची. दावा फेटाळला.

भाईर बाकड्यावर बसलो. मॅडम म्हनल्या, सर, हा नमुना ज्यानं काढला त्याचं डोकं कसं आसंल हो. मी म्हनलं, आसंल कुनी तरी संस्थेचा वकील. एवढंच म्हनलं.

मॅडमचा वकील म्हनला, अपील करा, मातर नमुना संस्थेनंच काढायला लावला आन् लिहिल्याबिगर हुकूम मिळत न्हाई, असं सांगनारा एक मानूस पायजे. मॅडमनी सगळ्यांना इचारलं, सगळे भ्याले. मला इचारलंच न्हाई. का, तर म्हनल्या, सर, तुमची नोकरी हाय, तुमाला कसं म्हनू. मी घरी येऊन शपथपत्र लिहिलं. चांगलं लिहिलं ताई, एक शब्द हलत न्हाई. खाली सही केली न्हाई. आज करू, उद्या करू, ह्या सालचा हुकूम हातात पडला की करू, असं करता करता अपिलाची मुदत निघून गेली. मुदत कंच्या दिवशी सरते हे माझ्याइतकं कुनाला पाठ व्हतं. त्या दिवशी मी वर्गात व्हतो. मुदतीचा कायदाच शिकवीत व्हतो.

मॅडम आता माजलगावला कोर्टाच्या आवारात टाईपिंगचं मशीन घेऊन बसतात. ह्या सोमवारी माझी मुलाखत हाय, पंधराव्या सालाची. मे महिन्याचा अर्ज देऊन झालाय, हातानं लिहून. काल त्यांचा फोन आलता. म्हनल्या, सर, मुलाखतीला शुभेच्छा, माझ्यासाठी तुमी जेवढं केलं तेवढं सख्ख्या भावानं केलं न्हाई, तुमचं तरी कायम होऊ द्या, मी रोज हात जोडते. पोरगीनंबी फोन घेतला, मामा म्हनली.

मी म्हनलं, बरं. असू द्या तुमचा आशीर्वाद.